बालपणीच्या गावाला आता सगळीकडून लेआउटांनी, म्हणजे वावरं मोडून पाडलेल्या प्लॉटांनी वेढलंय. परत जावंसं वाटतं पण धास्तीही वाटते. जावं का? आणि तिथं प्लॉट घ्यावा का?

जा. बिनधास्त जा.

माझं गाव नागपूर-वर्धा रोडवरून आत, बुटीबोरीच्या अलीकडे. दहावीनंतर बाहेर पडलो तो पुण्यालाच राहिलो. परत जाताना वाटलं होतं, आता नुसत्या बिल्डिंगा दिसतील. पण बिल्डिंगा आल्याच नाहीत, खरी गंमत तिथंच आहे.

आधी मिहानचा, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या मोठ्या प्रकल्पाचा गाजावाजा, मग 2008 मध्ये जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम, 2019 मध्ये खापरीपर्यंत मेट्रो. दर वेळी आमच्याकडची आणखी काही वावरं विकली गेली. कापूस-तुरीच्या जागी आता मुरमाचे रस्ते, नंबर टाकलेले सिमेंटचे खुंट आणि मधे कमरेएवढं गाजरगवत. कमान मात्र अशी भक्कम की आत महाल असावा. राहायला कोणी नाही, कारण प्लॉट घेणाऱ्याला घर बांधायचंच नसतं, भाव चढायची वाट पाहायची असते. पीक गेलं ते गेलंच, वस्तीही आली नाही.

विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की वर्ष हातचं जातं. माझ्या काकांनीही विकलं. घर पक्कं झालं, पोरीचं लग्न झालं. पुण्यात बसून मी त्यांना काय शिकवू?

माझा जीव तुटला तो पांदण, म्हणजे वावरांकडे जाणारा गाडीरस्ता पाहून. लेआउटच्या भिंतीनं ती मधेच अडवलीय. गावनकाशात आहे, जमिनीवर नाही. पलीकडे ज्यांचं वावर उरलंय त्यांची बंडीही जात नाही, ट्रॅक्टरही नाही. खताची पोती डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून जायचं. दोन हंगाम असे काढले की माणूस म्हणतो, "काऊन ठेवाचं बाप्पा, देऊन टाकू यालेबी." आमच्याकडची कितीतरी जमीन भावापायी नाही, अशी रस्त्यापायी गेली. याबद्दल कोणी बोलत नाही.

लहानपणी आमची ढोरं चारायला नेणारा गायकी आता एका लेआउटवर चौकीदार आहे. मला ओळखून हसला. "पह्यले ढोरं वावरात घुसू नये म्हून पाहाचो, आता प्लाटात घुसू नये म्हून पाहातो. काम तेच हाये ना जी."

तुम्ही जाल तेव्हा पोळ्याला जा, एरवी सगळे कामावर असतात. आमच्याकडे तोरणाखाली बैलजोड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त होते, पण झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणणारे म्हातारे अजून आवाज चढवून म्हणतात. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर पूर्वीपेक्षा जोरात. घरी खरा बैल नसलेली पोरंही लाकडी नंदी सजवून दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी मागतात. हे पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता प्लॉटचं. भावनेच्या भरात इसार देऊ नका. मौजा (गावाचं नाव) आणि खसरा (जमिनीचा) क्रमांक घेऊन गावनकाशा काढा, तो सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतो. पांदण किंवा नाला प्लॉटातून जातो का ते बघा. बुजवलेला नाला पावसाळ्यात आपली वाट शोधतोच. एनए (बिगरशेती) आहे का, ले-आउट मंजूर आहे का, आरएल म्हणजे रिलीज लेटर मिळालंय का, हे कागद स्वतः पाहा. "होऊन जाईल" यावर जाऊ नका. आणि घर बांधायचं नसेल तर घेऊच नका. रिकामे प्लॉट आमच्याकडे भरपूर आहेत.