वाचकांचे प्रश्न : एकटं झाड म्हणजे एकटेपणाच का?

प्रश्न : फोटोग्राफीच्या क्लासमध्ये आम्हाला एक ब्लॅक अँड व्हाईट लँडस्केप दाखवला. खाली मोकळं माळरान, त्यातून जाणारी वाट, डाव्या कोपऱ्यात एक छोटं झाड आणि वर भलंमोठं आभाळ. अर्थ लिहा म्हणाले. मी एकटेपणा लिहिलं, मैत्रिणीने मोकळेपणा, आणि सर म्हणाले दोन्ही बरोबर. मग काहीही लिहिलं तरी चालतं का? नेमकं बघायचं तरी काय?

उत्तर : नाही, काहीही नाही चालत. दोन्ही बरोबर असू शकतात, पण असं का वाटलं ते फोटोवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'एकटं झाड म्हणजे एकटेपणा' हे तर फोटो न बघताही लिहिता येतं, आणि मला खरा प्रॉब्लेम तोच वाटतो.

तुमच्याच फोटोत आधी क्षितिज कुठे आहे बघा. ते खाली ठेवलं की आभाळ फ्रेमभर पसरतं, झाड लहान वाटायला लागतं, म्हणजे तुमचा एकटेपणा झाडापेक्षा त्या आभाळातून आलाय. अंगठ्याने आभाळाचा वरचा भाग झाका, बघा मग झाड तेवढंच बिचारं वाटतं का ते. मैत्रिणीने बहुतेक वाट पकडली असेल. वाट आपल्या पायापासून सुरू होऊन आत जात असेल तर नजर तिच्यामागे जाते, पण तीच आडवी गेली असेल तर नजर अडते.

उजेडाला मात्र नीट वेळ द्या, कारण लँडस्केपमध्ये निम्मं बोलणं तोच करतो. सावल्या लांब असतील तर सूर्य खाली आहे, सावल्याच नसतील तर ढग किंवा धुकं, आणि लांबचे डोंगर जितके फिकट तितकी खोली जास्त वाटते.

अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्सचा 1941 चा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा फोटो जरूर शोधून बघा. वर चंद्र, खाली छोटंसं गाव, आणि कब्रस्तानातले क्रॉस मावळत्या उन्हात पांढरे चमकतायत. अ‍ॅडम्सला लाईट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना, म्हणून चंद्राची ब्राइटनेस माहीत होती त्यावरून एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं, आणि दुसरा फोटो घ्यायच्या आत क्रॉसवरचं ऊन गेलंसुद्धा. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं, निगेटिव्ह (जिच्यावरून कागदावर फोटो छापतात ती फिल्म) तीच राहिली तरी सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आभाळ जरा फिकट आहे, ढगांचे पट्टे दिसतात, आणि नंतरच्या प्रिंट्समध्ये त्याने ते जवळजवळ काळं केलं. पहिल्यात मला नुसती संध्याकाळ दिसते, दुसऱ्यात ते गाव अंधाराखाली दबल्यासारखं वाटतं. आभाळ किती काळं ठेवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि अर्थ लिहिताना तेच पकडायचं असतं.

प्रश्न : फोटोखालची कॅप्शन आधी वाचावी की नंतर?

उत्तर : नंतर. पण वाचावी नक्की. ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनने 1855 मध्ये, ब्रिटन-फ्रान्स वगैरे रशियाशी लढत होते त्या क्रिमियन युद्धाच्या वेळी, एका उजाड दरीचा फोटो काढला, त्यात माणूस एकही नाही, नुसता रस्ता आणि सगळीकडे पडलेले गोल दगड असंच आधी वाटतं. ते तोफगोळे आहेत हे कळलं की तीच रिकामी जागा बघवत नाही. आणि त्याच जागेचे त्याचे दोन फोटो आहेत, एकात रस्ता मोकळा आहे, गोळे बाजूच्या खळग्यात, दुसऱ्यात गोळे रस्त्यावर आलेत. कॅप्शन न वाचता दोन्ही शेजारी ठेवा, कुठला जास्त घाबरवतो आणि का ते लिहून काढा, मग कॅप्शन वाचा.