मातीच्या रांजणातली ग्रीक वाइन पहिल्यांदा घेताना

मातीच्या भांड्यात आंबवलेली ग्रीक नैसर्गिक पांढरी वाइन प्रथमच घेणार असाल, तर सांतोरिनी बेटावरच्या धारदार आंबट आसिर्तिको द्राक्षाच्या वाइनऐवजी अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिकाच्या सौम्य साव्हातियानो द्राक्षाच्या वाइनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, कारण अशी वाइन बहुधा न गाळताच भरलेली असते. मी पहिल्या वेळी ती आडवी ठेवून तशीच ओतली आणि प्रत्येक पेल्यात ताकासारखा गढूळपणा उतरला. फ्रीजमधून काढताच पिऊ नये. १२ ते १४ अंशांवर सुगंध मोकळा होतो, त्याहून थंड असताना तुरटपणाच तेवढा जाणवतो. हा तुरटपणा दोष नव्हे. रस सालींसह आंबवलेला असल्यास सालींतील टॅनिन (तुरट चव देणारे द्रव्य) व रंग त्यात उतरतात, म्हणून 'पांढरी' म्हणवणारी वाइन मधाच्या रंगाची दिसू शकते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून किंचित हवा आत जाते, मात्र नव्या ओकच्या पिंपासारखा व्हॅनिलाचा वास माती देत नाही. नेलपॉलिशसारखा उग्र दर्प आला, तर मात्र 'नैसर्गिक' या शब्दावर भुलू नये. ती वाइन बिघडलेली आहे.