वाचकांचे प्रश्न : रिबॉयलरची वाफ कशी वाचवावी?

प्रश्न : आमच्या प्रकल्पात धुरातला कार्बन डायऑक्साइड ३० टक्के एमईए (मोनोइथॅनॉलअमाइन) द्रावणाने पकडला जातो. तो द्रावणातून पुन्हा मोकळा करायला रिबॉयलरमध्ये (वाफेने द्रावण तापवणारं उपकरण) कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ४ गिगाज्यूलहून जास्त उष्णता लागते. द्रावण न बदलता ती कमी होईल का?

उत्तर : नक्की होईल. सुरुवात लीन-रिच हीट एक्स्चेंजरपासून करा; त्यात रिबॉयलरकडून परतणारं गरम, वायू काढलेलं (लीन) द्रावण तिकडे जाणाऱ्या, वायूने भरलेल्या (रिच) द्रावणाला तापवतं. गरम टोकाला आत येणारं लीन आणि बाहेर पडणारं रिच द्रावण यांच्या तापमानात ५ ते १० अंशांचाच फरक हवा. तो २० अंशांवर गेला असेल, तर प्लेटांवर बहुधा थर बसलाय. तेवढी तूट रिबॉयलर भरून काढतोय. प्लेटा साफ करा, फिल्टरही बघा.

मग द्रावणाचा प्रवाह. खबरदारी म्हणून तो बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्तच ठेवतात आणि द्रावणातलं ते जादा पाणी फुकट तापतं. कॅप्चरचं प्रमाण स्थिर ठेवून प्रवाह थोडाथोडा उतरवा, दर पायरीला वाफ मोजा. फार उतरवलात तर लीन लोडिंग (लीन द्रावणात उरलेला कार्बन डायऑक्साइड) खूप खाली न्यावं लागतं आणि वाफ पुन्हा वाढते. वाफेचा मधला किमान बिंदू सहसा एमईएच्या मोलमागे ०.२ मोल कार्बन डायऑक्साइडच्या आसपास सापडतो.

रिबॉयलरचं तापमान मात्र १२० अंशांपुढे नेऊ नका. एमईए झपाट्यानं विघटित होतं, गंजही वाढतो.