इआमस: यमाचा नव्हे, विषाचा सोयरा

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणातला अर्धदेव इआमस नेमका कोणाचा मुलगा, आणि हे नाव म्हणजे आपला यमच ना?

नाही, यम नाही! कानाला सारखं लागलं की नातं जोडून मोकळं व्हायचं, ही खोड कधी सुटणार? संस्कृतातल्या शब्दारंभीच्या 'य'ऐवजी ग्रीकमध्ये 'ह' किंवा 'झ' येतो. यकृत् तिकडे 'हेपार', युग तिकडे 'झुगॉन'. 'इ'ने सुरू होणारा इआमस या पंगतीत बसत नाही.

बाप अपोलो देव, आई एव्हाद्नी. ती स्वतः समुद्रदेव पोसायडनची लेक, तेव्हा 'अर्ध'चं गणित मांडत बसू नका.

खरा ऐवज प्राचीन ग्रीक कवी पिंडारच्या सहाव्या ऑलिंपियन विजयगीतात आहे. एव्हाद्नीने चांदीची घागर खाली ठेवली, किरमिजी कमरपट्टा सोडला आणि दाट झाडीत ती बाळंत झाली. बाळ तिथेच टाकावं लागलं. घाऱ्या डोळ्यांच्या दोन सापांनी त्याला मध भरवून जगवलं. पण पिंडार 'मध' म्हणतच नाही, 'मधमाश्यांचं निर्दोष विष' म्हणतो! विषाला त्याने वापरलेला शब्द 'इऑस'. ग्रीकमध्ये आरंभीचा 'व' गळला, दोन स्वरांमधला 'स'ही गळला. ते दोन्ही परत घाला, समोर उभं राहतं आपलं 'विष'. लॅटिन 'वीरुस' त्याचंच भावंड, म्हणजे रोजचा व्हायरससुद्धा. पुढे थोड्याच ओळींनंतर पोर पिवळ्या-जांभळ्या 'इऑन' फुलांत, म्हणजे व्हायोलेटमध्ये, पहुडलेलं दिसतं आणि त्यावरून आई नाव ठेवते. आयोडीन हे नावही याच फुलाच्या रंगावरून आलं.

टीकाकार नावाच्या या उगमाला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या ध्वनिसाम्यावरून जुळवलेला उगम, म्हणून निकालात काढतात. त्यांना भाषाशास्त्र कळतं, कविता कळत नाही. नाव ऐतिहासिकदृष्ट्या कुठून आलं हा प्रश्नच वेगळा. पिंडारने ते श्रोत्यांच्या कानात कसं घडवलं, ते बघा. माझं तर ठाम मत आहे की तिथे तिसरा शब्दही घुमतो. 'इऑस' म्हणजे बाणसुद्धा, आणि तो आपल्या 'इषु'चा सख्खा. बाप धनुर्धारी अपोलो असताना ग्रीक कानाला बाण ऐकू येणार नाही, हे मला कोणी पटवू शकणार नाही.

मोठेपणी इआमस रात्री आल्फेऑस नदीच्या मध्यात उतरून आजोबा पोसायडनला आणि बापाला साद घालतो. अपोलोचा आवाज त्याला ऑलिंपियाला नेतो आणि भविष्यकथनाची विद्या देतो. त्याच्या वंशातले इआमिदाई पुढे तिथलेच भविष्यवेत्ते झाले. इ.स.पू. 479 मध्ये इराण्यांविरुद्धच्या प्लाटेयाच्या लढाईत ग्रीकांसाठी शकुन पाहणारा तिसामेनॉस त्यांच्यातलाच.