टेन्शनमुळे डोळे बाहेर येतात का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची, सिंहगड रोडला राहते, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतो तो आजार, निघाला, गोळ्या चालू आहेत, आता रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण दिवाळीपासून डोळे मोठे दिसायला लागलेत, सकाळी पापण्या सुजतात, वर बघितलं की एकाचे दोन दिसतात, गाडी चालवताना पण. सासूबाई म्हणतात टेन्शन फार घेतेस म्हणून झालं. भावाने नेटवरचं काहीतरी पाठवलं की या आजारात मेंदूच्या स्कॅनमध्ये बदल दिसतात आणि त्याचा इम्युनिटीशी संबंध आहे. म्हणजे हे डोक्यातून सुरू होतं का? मेंदूचा एमआरआय करू का?

उत्तर : ताई, आधी गाडी. एकाचे दोन दिसतायत तोवर टू-व्हीलर बंद, शाळेत रिक्षाने जा. एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. कुठलाही एक झाकला की एकच चित्र दिसत असेल तर दोन डोळे बरोबरीने हलत नाहीयेत. आणि वर बघतानाच होतंय म्हणजे बहुतेक डोळ्याच्या खालच्या बाजूचा स्नायू सुजून ताठ झालाय, तो डोळ्याला वर जाऊच देत नाही.

आता मूळ प्रश्न. सुरुवात डोक्यातून होत नाही, प्रतिकारशक्तीतून होते. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ते पेशीवर जिथे चिकटतं त्या रिसेप्टरविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतं, आणि तोच रिसेप्टर डोळ्यामागच्या पेशींवरही असतो, त्या पेशी चेतल्या की तिथे चरबी वाढते, हायल्युरोनन नावाचा पाणी धरून ठेवणारा पदार्थ साठतो, स्नायू फुगतात, आणि खोबणी हाडांची असल्यामुळे डोळ्याला पुढे सरकण्याशिवाय जागाच उरत नाही. म्हणून थायरॉइड नॉर्मल आला तरी डोळ्यांची सूज तिच्या वेगाने चालू राहते, काही महिने ते साधारण दोन वर्षं.

भावाने पाठवलेलं खोटं नाहीये. फंक्शनल एमआरआयमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय याचा अंदाज घेतात. चीनमध्ये यावर बरंच काम झालंय आणि या पेशंटच्या मेंदूत दृष्टीच्या भागात, शिवाय भावना आणि लक्ष सांभाळणाऱ्या भागांत फरक दिसलेत. पण हे छोट्या गटांवरचे अभ्यास आहेत आणि बहुतेकांत स्कॅन एकदाच काढलेला असतो, त्यातून आधी काय झालं नि नंतर काय हे ठरत नाही. महिनोन्‌महिने दोन डोळ्यांची चित्रं जुळत नसतील तर दृष्टीचा भाग वेगळा वागणारच ना, वर थायरॉइड हार्मोनचा मेंदूवर परिणाम असतो तो वेगळाच.

मेंदू आणि प्रतिकारशक्तीचं नातं मात्र आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. सूज असली की आयएल-६ सारखी रसायनं रक्तात वाढतात, मेंदूला त्यांचा निरोप पोचतो आणि माणूस थकतो, झोप बिघडते, कशात मन लागत नाही. उलट बाजूने मेंदूतल्या हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीपासून किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंतची साखळी कॉर्टिसॉल हे हार्मोन सोडून सूज आवरते. मेंदूतून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्हसुद्धा यात आहे, २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात ती उत्तेजित केल्यावर सुजेचं एक रसायन कमी झालेलं दिसलं.

टेन्शनची शंका जुनी आहे. १८२५ मध्ये छापलेल्या कॅलेब पॅरी या इंग्लिश डॉक्टरच्या नोंदींत एका मुलीला मोठा धक्का बसल्यावर हा आजार दिसल्याचं आहे, आणि १९९१ च्या एका स्वीडिश अभ्यासात ग्रेव्ह्जच्या पेशंटनी आजाराआधीच्या वर्षात जास्त वाईट घटना सांगितल्या होत्या. पण थायरॉइड वाढला की निदानाच्या आधीच माणूस अस्वस्थ, चिडका होतो, तेव्हा ते टेन्शन कारण होतं की आजाराचंच पहिलं लक्षण होतं हे वेगळं काढणं फार अवघड. ज्याच्या अंगात ही प्रवृत्ती आहे त्याला ताण हातभार लावत असेल, पण तुम्ही टेन्शन घेतलंत म्हणून डोळे बाहेर आले असं कुणी म्हणू नये. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

मेंदूचा एमआरआय नको, त्याने तुमचे उपचार बदलणार नाहीत. हे डोळे बघणाऱ्या ऑक्युलोप्लास्टी सर्जनकडे जा, ते लाली, सूज, दुखणं बघून ७ पैकी मार्क देतात, ३ किंवा जास्त म्हणजे आजार अ‍ॅक्टिव्ह. गरज वाटली तर ते डोळ्यांच्या खोबणीचा स्कॅन सांगतील, तो वेगळा. स्टेरॉइडची सलाइन आठवड्याला एक अशी १२ आठवडे देतात, ती या अ‍ॅक्टिव्ह काळातच नीट लागू पडते, म्हणून थांबू नका. आणि रोज एक करा, लाल रंगाची वस्तू एकेका डोळ्याने बघा, एका डोळ्याला तो लाल फिका वाटला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळ्याच्या नर्व्हवर दाब येत असू शकतो.

प्रश्न : मिसेसला हाच आजार आहे, सलाइन चालू आहे. चिडते, रात्रभर जागी असते, लग्नाकार्याला येत नाही, फोटो काढू देत नाही. मी समजावून थकलो. मी सिगरेट ओढतो पण गॅलरीत. (कोथरूड)

उत्तर : दादा, समजावू नका, ऐकून घ्या. स्टेरॉइडने झोप उडते आणि मूड वरखाली होतो, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. आरशातला स्वतःचा चेहरा अनोळखी वाटणं हे फार मोठं दुःख आहे, या आजाराचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणाऱ्या १६ प्रश्नांच्या यादीत निम्मे प्रश्न दिसण्याबद्दलचेच आहेत. थायरॉइड नॉर्मल होऊनही उदास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, तो उपचाराचाच भाग आहे.

आणि गॅलरीतली सिगरेट सोडा. सिगरेटने हा आजार वाढतो आणि उपचारांचा गुण कमी येतो हे पक्कं आहे, त्या ओढत नसल्या तरी तुमचा धूर घरात येतोच. पुढच्या सलाइनला बरोबर जाल तेव्हा तुमच्यासाठीही सिगरेट सोडायची औषधं विचारून या.