एमबीबीएस झालेल्या इंटर्नला खरंच नीट सीपीआर देता येतो का?

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) पाठ असतो, पण हाताला बसलेला नसतो. मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन्स (छातीवरचे दाब), खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांना २ श्वास, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणीही धडाधड सांगतं, पण रात्री ३ वाजता वॉर्डात पेशंटची पल्स लागत नाहीये, नातेवाईक रडतायत, सिस्टर अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) शोधतायत, तेव्हा पहिलं अर्धं मिनिट नुसत्या गडबडीत जातं आणि तेच खरं महत्त्वाचं असतं.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच फाउंडेशन कोर्समध्ये बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, ज्यात सीपीआर शिकवतात) आहे, चांगलंच आहे ते, पण तेव्हा मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) एकदा हात लावलेला पोरगा इंटर्न होईपर्यंत चार-साडेचार वर्षं जातात आणि सराव नसेल तर हे स्किल काही महिन्यांतच उतरायला लागतं. माझ्या पहिल्या वेळी दाब वरवरचे पडत होते, बरगडी मोडेल ही भीती, मागून रेसिडेंट सर ओरडले "अजून खोल दाब, आणि छाती पूर्ण वर येऊ दे!" तेव्हा कुठे जमलं. दमलो तरी सोडलं नाही, ही पण चूकच, कारण दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, नाहीतर दाब कमी पडतात आणि आपल्याला कळतही नाही.

इंटर्नशिप सुरू होणार असेल तर स्किल लॅबमध्ये महिन्यातून एकदा तरी १० मिनिटं मॅनिकिनवर घालवा, आणि नवीन वॉर्डात पहिल्याच दिवशी क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची-साधनांची ट्रॉली) आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) कुठे आहे, डिफिब्रिलेटर चार्ज आहे का, बघून ठेवा.