मुंबईच्या जुन्या इमारती एका दिवसात पाहायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की हाताशी एकच दिवस आहे, तर मुंबईतल्या कोणत्या ऐतिहासिक इमारती पाहाव्यात आणि वास्तुकलेच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व काय. बहुतेक जण गेटवेला जायला सांगतील. मी म्हणेन, आधी ओव्हल मैदानावर जा. चर्चगेटला उतरलात की चालत थोडंच अंतर. मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहा.

आधी पूर्वेकडे तोंड करा. उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह अशी व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या इमारतींची ओळच्या ओळ दिसेल. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टचा तट पाडला गेला आणि इथे बांधायला जागा झाली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, इथल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईत पैशांचा पूर आला. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी देणगी दिली, आईचं नाव देण्याच्या अटीवर. तो 1878 मध्ये पूर्ण झाला. उंची सुमारे 85 मीटर. आराखडा इंग्लिश वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत!

पण गॉथिक म्हणजे इंग्लंडची नक्कल, असं समजून पुढे जाऊ नका. व्हरांडे बघा, कमानींमागच्या खोल सावल्या बघा. आपलं ऊन आणि आपला पाऊस ओळखून केलेलं हे बांधकाम आहे. दगडही आपल्याकडचाच, कुर्ल्याचा आणि गुजरातेतल्या पोरबंदरचा फिका. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे पुतळे कोरलेत. ते खालून नीट दिसत नाहीत, दुर्बीण असेल तर जरूर न्या.

आता तिथल्या तिथे पाठ फिरवा. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे गोलाईदार रेषा आणि भौमितिक नक्षीच्या इमारती आहेत, बॅकबेच्या समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या. काळ बदलला, साहित्य बदललं. दगड गेला, सिमेंट काँक्रीट आलं आणि त्यामुळे गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवरचे लांबच लांब पातळ छज्जे शक्य झाले. फाटकांच्या जाळ्यांमधली नक्षी आणि दर्शनी भागावर कोरलेली इमारतींची नावं न चुकता बघा. मैदानाच्या उत्तर टोकाला इरॉस चित्रपटगृह आहे, वास्तुविशारद शोराबजी भेदवार यांच्या आराखड्याचं, 1938 चं. तांबडा आग्र्याचा दगड आणि क्रीम रंग. समोरासमोर उभे असलेले हे दोन काळ एका नजरेत मावतात, म्हणून माझा ओव्हलचा एवढा आग्रह. 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही समूहांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही याच जोडीमुळे.

तिथून सीएसएमटी. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, बांधकाम 1878 ते 1888. दगडी घुमट, त्यावर प्रगतीचं प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, दारावर सिंह आणि वाघ. कोरीव कामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, म्हणून पानं, मोर, माकडं यांत मला आपल्या मातीची ओळख दिसते. लोकलचं तिकीट काढता काढता छतावरचे तारेही बघा. लाखो लोक रोज त्या छताखालून जातात आणि मान वर करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच.

गेटवे संध्याकाळी करा. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या, 1924 मध्ये पूर्ण झालेल्या त्या कमानीत गुजराती धाटणीचे बारकावे आहेत, आणि पिवळट बेसॉल्टवर तिरपं ऊन छान पडतं.

वाटेत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, आहे. 1860 च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि इथे जोडला. 7 जुलै 1896 रोजी भारतात पहिल्यांदा चलचित्रं दाखवली गेली ती इथेच. ही इमारत आता फार जीर्ण झाली आहे, 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर पडावं लागलं. ती पाडली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पदपथावरून तरी ती अवश्य बघून घ्या.